विद्यापीठं वाटली गेली, यंत्रं राहिली

गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने नागपूरला निघालेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या मांडीवर थर्मोकोलचा डबा असतो. आत बर्फ, बर्फात कुप्या, कुप्यांत ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, बुडवलेले पानांचे तुकडे. पोचल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर स्लॉट मिळाला तर ठीक, नाहीतर मुक्काम पडतो. विदर्भाच्या ग्रामीण भागातल्या विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी मिळून एक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घ्यावा, या मागणीचं मूळ अशा डब्यांत आहे.

यंत्राची गोष्ट तशी जुनी. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करून दाखवता येत नाही. भिंग कितीही चांगलं घासलं तरी प्रकाशाची तरंगलांबीच आड येते. बर्लिनमध्ये मॅक्स नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन आणि काचेऐवजी चुंबकीय कॉइल वापरून पाहिली. १९३९ मध्ये तंबाखूच्या मोझॅक रोगाचा विषाणू या यंत्राखाली दिसला. रुस्कांना नोबेल मिळालं ते मात्र १९८६ मध्ये! आपल्याकडे १९४० च्या दशकात कोलकात्यात नीरजनाथ दासगुप्ता यांनी देशातला पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. विकत आणला नाही, बांधला.

नंतर मात्र यंत्रं परदेशातून येऊ लागली आणि किमती कोणत्याही एका विभागाच्या आवाक्याबाहेर गेल्या. म्हणून १९७० च्या दशकात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक उपकरण केंद्रं काढली. महागडं यंत्र एका ठिकाणी ठेवायचं, आजूबाजूच्या सगळ्यांनी शुल्क भरून वापरायचं. असं एक केंद्र नागपूर विद्यापीठालाही मिळालं. म्हणजे ‘सामायिक’ ही कल्पना विदर्भाला नवी नाही.

मग अडलं कुठे? माझ्या मते विद्यापीठांच्या वाटणीत. १९२३ चं नागपूर विद्यापीठ फोडून १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं, आणि २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना. कॉलेजं, परीक्षा, पदव्या वाटल्या गेल्या. यंत्रं होती तिथेच राहिली. चंद्रपूरचा संशोधक काल घरचा होता, तो आज ‘बाहेरचा’ झाला. आणि बाहेरच्याला दरही वेगळा लागतो, रांगही वेगळी. २००० पासूनच्या ‘फिस्ट’ योजनेने विभागांना उपकरणांसाठी पैसे दिले, २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधायची सोय झाली. यंत्र कुठे आहे हे त्यामुळे घरबसल्या कळतं, पण डब्यातला बर्फ वितळायचा थांबत नाही.

इथे बघण्यासारखं काय आहे, असं विचारणारे भेटतात. पऱ्हाटीच्या बोंडातला एक तंतू घ्या. स्टबवर, म्हणजे धातूच्या छोट्या बैठकीवर, चिकटवून सोन्याचा पातळ मुलामा दिला, निर्वात कप्प्यात ठेवला, की तो गोल दोऱ्यासारखा नाही, पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. पक्व तंतूची भिंत जाड असते. कच्च्याची भिंत पातळ राहते आणि तो पार चेपलेला दिसतो. कच्च्या तंतूवर रंग नीट का चढत नाही, हे सांगायला मग वेगळं व्याख्यान लागत नाही. लोणारच्या उल्केच्या आघाताने बदललेला बेसाल्ट आहे, वरुड-मोर्शीच्या संत्र्याची रोगट पानं आहेत. बीएस्सीची पोरं आजही मायटोकॉन्ड्रियाची आकृती पुस्तकातल्या छायाचित्रावरून काढतात.

अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या किमतीच्या पुढच्या आहेत. इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी लागते, म्हणून आत सतत निर्वात. पंप चालू असताना वीज गेली की पुन्हा तयारी, पुन्हा वाट. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा खोली थंड ठेवायला एसी आणि युपीएसचा खर्च वेगळा. खोलीशेजारून ट्रक गेला तरी चित्र थरथरतं. खरेदी समितीच्या बैठकीत कोटेशनवर तासभर चर्चा होते. ऑपरेटरचं पद कोण भरणार आणि वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभालीचा करार कोणाच्या खात्यातून, हे विषय ‘आयत्या वेळी’त जातात. ऑपरेटरच कंत्राटी असेल तर तो शिकून तयार होतो आणि पुण्याला निघून जातो.

सध्या टेबलावर मावणारे, साध्या प्लगवर चालणारे स्कॅनिंग, म्हणजे नमुन्याचा पृष्ठभाग दाखवणारे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळतात. पाच-सहा कॉलेजांनी मिळून असा एक घेतला तर तंतू, परागकण, दगडाचा पृष्ठभाग एवढं काम गावातच होईल, आणि वर्गातली पोरंही पाहू शकतील. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाचा, जोडकणांचा विषाणू मात्र त्यात दिसणार नाही. निदान आता पीसीआरने होतं हे खरं, पण कण डोळ्यांनी पाहायचा तर आरपार पाहणारं मोठं यंत्रच लागतं. त्यासाठी डबा घेऊन शहराची गाडी धरावीच लागेल. ते यंत्र कुठेही ठेवा, तीनही विद्यापीठांच्या पोरांना दर एकच असावा, आणि हे करारात खरेदीच्या आधी लिहून घ्यावं.