जिंकलेली रक्कम आणि पडावाची रक्कम

'कौन बनेगा करोडपती' लागलं की आमच्याकडे एक वाद ठरलेला. स्पर्धक साडेबारा लाखांवर पोचला की बाबा म्हणतात, "चला, साडेबारा लाख खिशात!" आई भाजी निवडता निवडता म्हणते, "कुठले खिशात? अजून तीन लाख वीस हजारच."

दोघं दोन वेगळ्या रकमांबद्दल बोलतात. साडेबारा लाख मिळतात ते स्पर्धक तिथेच 'क्विट' म्हणाला तर. तीन लाख वीस हजार हा 2019च्या पर्वातला पडाव, म्हणजे पुढचं उत्तर चुकलं तरी न हलणारी रक्कम. खेळत राहणाऱ्याच्या बाबतीत आईचंच खरं.

त्याच, म्हणजे अकराव्या पर्वाची बक्षिसांची शिडी घेऊ. प्रश्न 16. पडाव दोन: पाचव्या प्रश्नानंतर 10,000 आणि दहाव्यानंतर 3,20,000. दहावं उत्तर बरोबर आलं की क्षणभर दोन्ही रकमा एकच होतात. म्हणून अकराव्या प्रश्नाला, 6,40,000च्या, उत्तर अजिबात येत नसलं तरी डोळे मिटून ठोकून द्यावं. चुकलं तरी 3,20,000, सोडलं तरी तेवढेच. सहाव्या प्रश्नाचंही तसंच.

खरी कसोटी त्याच्यापुढे. साडेबारा लाखांवर असताना 25 लाखांचा प्रश्न येतो. बरोबर आलं तर साडेबारा लाख वाढतात, चुकलं तर नऊ लाख तीस हजार जातात. फिफ्टी-फिफ्टी वापरून दोनच पर्याय उरले असतील, तर निव्वळ हिशोब खेळायला सांगतो. पण घरावर कर्ज असलेल्या माणसाला तो हिशोब कोण पटवणार?

एक कोटीवर तर हिशोब चक्क वेडा होतो. पुढचा प्रश्न सात कोटींचा. बरोबर आलं तर सहा कोटी जास्त, चुकलं तर पडावावर आपटून 3,20,000. चार पर्यायांतून आंधळेपणानं एक निवडला, तरी सरासरी पावणेदोन कोटींच्या वर जाते. कागदावर खेळणंच शहाणपणाचं. पण सरासरी ही शंभरदा खेळणाऱ्यासाठी, आणि हॉट सीटवर माणूस बसतो एकदाच.

त्याच पर्वात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटीपर्यंत पोचल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिना 1,500 रुपये. सात कोटींच्या प्रश्नावर त्यांनी खेळ सोडला. पडद्यावर एक कोटी, पायाखाली 3,20,000. मधला फरक शहाण्णव लाख ऐंशी हजार! मला तरी त्यांचा निर्णय कुठल्याही सरासरीपेक्षा पक्का वाटतो.

(या एक कोटीतूनही प्राप्तिकर कापला जातो. बक्षिसाच्या रकमेवर 30 टक्के आणि वर अधिभार, उपकर. बाबांच्या खिशात तेवढी जागा रिकामीच.)

क्विट केल्यावर सूत्रसंचालक विचारतात, "खेळला असता तर कुठला पर्याय निवडला असता?" स्पर्धक एक पर्याय सांगतो आणि कधीकधी तोच नेमका बरोबर निघतो. आमच्याकडे लगेच "अरेरे!" सुरू होतं. बाबा कपाळावर हात मारून घेतात. आई तोपर्यंत भाजी फोडणीला टाकून आलेली असते.