नवीन कॉम्प्युटर रॅम दाखवत नाही? खोलण्याआधी हे वाचा

आमच्याकडून सुटे भाग नेऊन घरीच डेस्कटॉप जोडणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. भाग नेल्यावर दोन-तीन दिवसांत ज्या तक्रारी येतात, त्यांत सर्वांत जास्त ऐकू येते ती हीच: "रॅम खराब दिलीत, बदलून द्या." ती रॅम दुकानातल्या टेबलावर लावली की बहुतेक वेळा व्यवस्थित चालते. मग ग्राहकाचा लांजा-राजापूरहून रत्नागिरीपर्यंतचा एसटीचा फेरा फुकट जातो आणि मशीन तसेच बंद राहते. हा फेरा वाचावा म्हणून, आम्ही टेबलावर ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे लिहिला आहे.

पडदा काळाच आहे? आधी थांबा

तुमची रॅम डीडीआर५ (डीडीआर४ नंतरची नवी पिढी) असेल तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. मदरबोर्डवर 'डीरॅम' लिहिलेला छोटा पिवळा किंवा नारिंगी दिवा पेटून राहतो. हे पाहून भले भले घाबरतात. पण त्या वेळी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमशी जुळवून घेत असतो. प्रत्येक तारेवरून संकेत नेमका कधी पोहोचतो, किती व्होल्टेजवर तो स्वच्छ वाचता येतो, हे तो पुन्हा पुन्हा तपासतो. याला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात. डीडीआर४ मध्ये हे काम काही सेकंदांत उरकते. डीडीआर५ मध्ये, विशेषतः एएमडीच्या एएम५ (प्रोसेसरच्या सॉकेटचा एक प्रकार) बोर्डांवर, दोन-चार मिनिटे सहज जातात. रॅम ६४ जीबी किंवा त्याहून जास्त असेल तर आणखी वेळ लागतो.

मशीन बिघडले समजून मध्येच बटण दाबून बंद केले, की पुढच्या वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होते. पुन्हा बंद केले, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पंधरा मिनिटे हात लावू नका, ही आमची कळकळीची विनंती. त्या काळात मशीन एकदोनदा आपोआप बंद होऊन चालू झाले तरी चालेल. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पहिली सुरुवात यूपीएसवरच करा.

मशीन एकदा चालू झाले पण रोज सकाळी असाच वेळ खात असेल, तर एएम५ बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' हा पर्याय चालू आहे का पाहा. तो बंद असेल तर बोर्ड दर वेळी नव्याने जुळवणी करतो.

हात घालण्यापूर्वी

भिंतीवरचा स्विच बंद करा, एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) केबल काढा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. बोर्डावर एखादा दिवा पेटलेला असताना रॅम काढू किंवा घालू नका. मशीन बंद दिसले तरी केबल जोडलेली असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा पुरवठा चालूच असतो. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, आणि स्टिक (रॅमचा एक नग) कडेने धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका.

खोडरबरबद्दल थोडे. जुन्या मशीनची रॅम काढून खोडरबराने घासायची हा आपल्याकडचा सर्वांना माहीत असलेला उपाय. कोकणातल्या दमट हवेत जुन्या स्टिकवर थर चढतो आणि घासल्यावर मशीन चालू होते, हे खरेच. पण नव्या स्टिकवर थर नसतो. तिथे घासून सोन्याचा पातळ मुलामाच झिजतो, वर रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. नव्या रॅमवर बोटांचे डाग दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने हलके पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

योग्य स्लॉट, आणि पूर्ण बसलेली स्टिक

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. बोर्डावर या स्लॉटजवळ ए२ आणि बी२ असे छापलेले असते. एकच स्टिक असेल तर बहुतेक बोर्डांवर ती ए२ मध्ये जाते. पहिला स्लॉट मोकळा का सोडायचा, असे अनेकजण विचारतात. आजच्या बहुतेक बोर्डांवर दोन्ही चॅनलच्या (रॅम आणि प्रोसेसरमधल्या मार्गांच्या) तारा दूरच्या स्लॉटपाशी संपतात. दूरचा स्लॉट रिकामा राहिला तर संकेत त्या मोकळ्या टोकाला आदळून परततो आणि वाचन बिघडते. तुमच्या बोर्डाची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर पुस्तिकेचे ऐका. एच६१० किंवा ए५२० चिपसेटच्या बोर्डांवर बहुधा दोनच स्लॉट असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता बसवण्याबद्दल. काही बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो, दुसरे टोक पक्के असते. खटक्याच्या बाजूने 'टक' आवाज येतो आणि आपण समजतो की झाले. पक्क्या टोकाची बाजू मात्र केसभर वर राहिलेली असते. कॅबिनेट आडवे ठेवा, स्टिकची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागतो. मग डोळे स्लॉटच्या पातळीवर आणून पाहा: सोनेरी रेघ कुठेही तिरकी किंवा एका बाजूला जास्त दिसता कामा नये. ग्राफिक्स कार्ड किंवा मोठा कूलर आड येत असेल तर तो काढूनच हे काम करा.

आमच्याकडे जोडून घेतलेले मशीन गाडीच्या डिकीतून घरी गेल्यावर चालू झाले नाही, तरी आधी हेच तपासा. रस्त्यावरच्या धक्क्यांनी स्टिक सैल होऊ शकते.

एका वेळी एकच बदल

तरीही चालू होत नसेल तर सगळ्या स्टिक काढा आणि एकच स्टिक ए२ मध्ये लावून पाहा. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. पहिली चालली आणि दुसरी चालली नाही, तर दुसरी स्टिक संशयित. दोन्ही ए२ मध्ये चालल्या पण बी२ मध्ये एकही चालली नाही, तर स्टिक निर्दोष आहेत. दोष त्या स्लॉटमध्ये, चॅनलमध्ये किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये आहे. कोणती स्टिक कुठे लावल्यावर काय झाले, हे कागदावर लिहीत चला. रॅम, स्लॉट आणि बायोसची सेटिंग एकदम बदलली तर मशीन चालू झाले तरी दोष कुठे होता ते कळत नाही, आणि तो परत येतो.

दर वेळी पुन्हा ट्रेनिंग होणार, तेव्हा थांबण्याचा नियम इथेही लागू. एकाही स्टिकवर चालू झाले नाही तर सीमॉस, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग, पुसा. केबल काढून बोर्डवरची सीआर२०३२ ही गोल बॅटरी पाचेक मिनिटे बाहेर ठेवा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडा.

३२ पैकी १६ जीबीच दिसते

मशीन चालते, पण बायोसमध्येच रॅम अर्धी दिसते. या तक्रारीत लोक हमखास स्टिकला दोष देतात. वर सांगितल्याप्रमाणे तपासून दोन्ही स्टिक ए२ मध्ये चालत असतील, तर नजर प्रोसेसरकडे वळवा. आता मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणजे रॅमची प्रत्येक तार सॉकेटच्या पिनांमधून जाते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये १७०० आणि एएमडीच्या एएम५ मध्ये १७१८ पिना असतात, केसासारख्या नाजूक. प्रोसेसर ठेवताना त्यांतली एक जरी वाकली तरी एक अख्खा चॅनल नाहीसा होऊ शकतो, आणि बाकी मशीन अगदी ठणठणीत चालते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, तिथेही हेच घडते.

त्याहून सोपे कारण कूलरचे असते. एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळला आणि दुसरी बाजू सैल राहिली, तर प्रोसेसर सॉकेटवर सारखा दाबला जात नाही आणि काही पिना नीट टेकत नाहीत. कूलरचे स्क्रू थोडे सैल करून समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एवढ्यानेच हरवलेली १६ जीबी परत आलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

पिन वाकलेली दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरका टाकून फोटो काढा आणि बोर्ड घेऊन या. सॉकेटवर येणारे काळे प्लास्टिकचे झाकण टाकून देऊ नका. वाकलेल्या पिना कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, आणि झाकणाशिवाय आणलेला बोर्ड वाटेतच आणखी बिघडतो.

बायोसमध्ये पूर्ण, विंडोजमध्ये कमी

बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसत असेल तर बहुतेक वेळा रॅम आणि बोर्ड यांचा दोष नसतो. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहा. खाली 'हार्डवेअर रिझर्व्ड' असा आकडा असतो. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरत असाल, जसे एएमडी रायझनच्या 'जी' मालिकेत, तर त्यासाठी रॅममधून ५१२ एमबी ते २ जीबी बाजूला काढून ठेवलेली असते. हा दोष नाही, रचना आहे. बायोसमध्ये तो हिस्सा कमी करता येतो.

सुमारे ३ जीबीच वापरता येत असेल तर विंडोज ३२ बिटचे आहे. जुन्या पेनड्राइव्हवरून विंडोज १० टाकणाऱ्यांकडे हे अजून होते. ३२ बिट विंडोज १० ४ जीबीच्या पुढे जात नाही; ६४ बिटचे नव्याने टाकावे लागेल. आणखी एक जागा: 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'बूट', त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथल्या 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक असेल तर काढा. मशीन वेगवान करण्याच्या नावाखाली इंटरनेटवर हा उपाय फिरत असतो. त्याने वेग वाढत नाही.

६००० ची घेतली, ४८०० का दिसते?

रॅम पूर्ण दिसते पण वेग कमी दिसतो, ही फसवणूक नाही. प्रत्येक रॅम आधी प्रमाणित, सुरक्षित वेगाने सुरू होते: डीडीआर५ बहुतेकदा ४८०० ला, डीडीआर४ २१३३, २४०० किंवा २६६६ ला. खोक्यावरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची तयार सेटिंग) चालू करावे लागते. ६००० च्या रॅमवर ते चालू केल्यावर सीपीयू-झेड हा तपासणीचा प्रोग्राम ३००० दाखवेल. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून त्याची दुप्पट धरायची. एच६१० बोर्डावर रॅमचे ओव्हरक्लॉकिंग (प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) होत नाही, त्यामुळे तिथे महाग वेगवान रॅम घेऊ नका, असे आम्ही विकतानाच सांगतो.

चार डीडीआर५ स्टिक लावल्या तर वेग खाली येतो. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन स्टिकचा एकाच खोक्यातला संच घ्या. आज १६ ची एक, दिवाळीला आणखी एक, अशी वेगवेगळ्या वेळी घेतलेली रॅम नाव आणि मॉडेल सारखे असूनही आत वेगळ्या चिपची निघू शकते.

मुळातच न जुळणारी रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. स्टिक जात नसेल तर जोर करू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारी सर्व्हरमधून काढलेली डीडीआर४ रॅम मात्र फसवते. ती स्लॉटमध्ये बरोबर बसते, पण रजिस्टर्ड प्रकारची असल्याने साध्या डेस्कटॉपवर मशीन चालूच होत नाही. लेबलवर वेगाच्या आकड्यानंतर, जसे 'पीसी४-३२००एए-आर', 'आर' अक्षर दिसले तर ती घेऊ नका. आणि २४ किंवा ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक ओळखायला जुन्या बोर्डांना बायोस अपडेट लागतो.

दुकानात येताना

रॅमच्या सगळ्या स्टिक आणा, दोन असतील तर दोन्ही. संचातली एकच बदलून मिळत नाही. खोके, बिल आणि स्टिकवरचे लेबल शाबूत असू द्या. एक चॅनलच दिसत नसेल तर फक्त रॅम आणून उपयोग नाही, बोर्ड, प्रोसेसर आणि कूलर जोडलेल्या स्थितीतच, म्हणजे पूर्ण कॅबिनेट आणा. मशीन चालू होत असेल तर येण्याआधी एक्सएमपी बंद करून रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. हा प्रोग्राम मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरून चालतो. एक जरी एरर दाखवली तरी पडद्याचा फोटो काढा. तो फोटो आणि स्टिक-स्लॉटची तुमची नोंद हातात असेल तर तपासणीचा बराच वेळ वाचतो. मशीन घेऊन निघण्यापूर्वी एक फोन मात्र जरूर करा. पुष्कळ वेळा दोष फोनवरच सापडतो.