मुंबईतील नालेसफाई

नालेसफाई : मुंबईतले नाले, नद्या, जमिनीखालच्या पर्जन्य जलवाहिन्या आणि रस्त्याकडेची गटारे यांत वर्षभर साचलेला गाळ व तरंगता कचरा पावसाळ्याआधी उपसून, पावसाच्या पाण्याला समुद्राकडे वाट मोकळी करून देण्याचे काम. मोठे नाले आणि मिठी नदी महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, छोटे नाले व गटारे विभाग कार्यालयांकडे, तर रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेकडे असतात. कामाची मुदत ३१ मे. वर्षभरात काढायच्या गाळापैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक या मुदतीपर्यंत निघावा, असे धोरण असते. उरलेला पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर काढतात, कारण साफ केलेला नाला साफ राहत नाही.

या कामाची गरज शहराच्या घडणीतच आहे. सात बेटे भराव घालून जोडली गेली, खाजणे आणि खाड्या बुजवल्या गेल्या, आणि त्या सखल भरावावर बाजारपेठा, गिरण्या, चाळी, रेल्वे उभी राहिली. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबणाऱ्या जागांची नावे मुंबईकराला पाठ असतात ती याच सखलपणामुळे. दुसरी अडचण समुद्राची. पाणी जिथून समुद्रात पडते ती बहुतांश पातमुखे भरतीच्या पातळीखाली येतात. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की पातमुखांचे दरवाजे बंद करावे लागतात, नाहीतर समुद्रच शहरात शिरतो. अशा वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्याला जायला जागा उरत नाही. म्हणून पावसाळ्यात इथे हवामानाच्या अंदाजाइतकेच भरतीचे वेळापत्रकही बारकाईने पाहिले जाते.

शहरातल्या जुन्या वाहिन्या ब्रिटिश काळातल्या आहेत. ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने ही व्यवस्था उभी राहिली. १९८५ च्या पुरानंतर नेमलेल्या सल्लागारांनी १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल दिला. ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, नाले रुंद करावेत आणि भरतीतही पाणी उपसून टाकणारी उदंचन केंद्रे बांधावीत, अशी त्याची दिशा होती. अहवाल बराच काळ तसाच पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर झाला. मिठी नदी पात्र सोडून कुर्ला, कलिना, वाकोल्याच्या घराघरांत शिरली आणि शेकडो माणसे गेली. विहार आणि पवई तलावांचे पाणी घेऊन विमानतळाजवळून माहीमच्या खाडीकडे जाणारी ही सुमारे १८ किलोमीटरची नदी. तिला तोवर बहुतेक लोक नालाच समजत होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराची चिकित्सा केली आणि नंतर कामांना वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उदंचन केंद्रे उभी राहिली. हिंदमाताचे पाणी भरती ओसरेपर्यंत साठवण्यासाठी दादर आणि परळला मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या. सखल जागी पावसाळ्यापुरते शेकडो पंपही बसवले जातात. पण वाहिनीत गाळ असेल तर पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही, आणि तिथे सगळी भिस्त पुन्हा नालेसफाईवर येते.

प्रत्यक्ष काम मे महिन्याच्या उन्हात चालते. मोठ्या नाल्यात पोकलेन उतरवतात. ते दिवसभर काळा, तेलकट गाळ उचलून काठावर टाकते. त्यात दुधाच्या पिशव्या, चपला, थर्माकोलचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, फाटक्या गाद्या, कधी अख्खी खुर्चीही असते. ओला गाळ डंपरमध्ये भरता येत नाही, म्हणून तो काठावरच दोन-तीन दिवस सुकू देतात. ज्यांची दारे नाल्याच्या काठावर उघडतात त्यांनी ते दिवस दार लावून, नाकाला पदर धरून काढायचे. डंपर वेळेवर आला नाही आणि मध्येच सर आली, तर तोच गाळ घसरून पुन्हा नाल्यात जातो. झोपड्यांच्या दोन रांगांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या नाल्यात यंत्राचा हात पोहोचत नाही. तिथे माणसे फावडी-घमेली घेऊन उतरतात. हाताने मैला साफ करून घेण्यावर आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. नाल्यात मात्र सांडपाणी बारमाही वाहत असते. त्यामुळे या मजुरांना गमबूट, हातमोजे मिळाले की नाही, हा प्रश्न किती टन गाळ निघाला याच्या आधी विचारला गेला पाहिजे.

हा टनांचा हिशेब हेच या कामाचे सर्वांत दुखरे ठिकाण. कंत्राटदाराला पैसे वजनावर मिळतात. डंपर वजनकाट्यावर चढतो, पावती निघते, गाळ शहराबाहेर टाकला जातो. वजन वाढवायला गाळात बांधकामाचे डेब्रिज मिसळल्याचे, न झालेल्या फेऱ्या कागदावर दाखवल्याचे आरोप वर्षानुवर्षे होत आले. २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हाही नोंदवला. छायाचित्रे, चित्रफिती, कॅमेरे असे उपाय आले आहेत. तरीही वजनापेक्षा नाल्याचा तळ मोजणे अधिक खरे. काम सुरू होण्याआधी तळ किती वर होता आणि नंतर किती खाली गेला, हे नाल्याकाठच्या माणसालाही काठी बुडवून पाहता येते.

गाळाचा दोष काठावरच्या वस्तीवर टाकायची सवय शहराला आहे. ती अन्यायाची आहे. जिथे घंटागाडी गल्लीत शिरू शकत नाही, तिथला कचरा नाल्यातच जातो. आणि इमारत पाडल्यावर रातोरात नाल्याकाठी रिकामा होणारा डेब्रिजचा ट्रक वस्तीतला नसतो.

पाऊसही आता मुदत पाळत नाही. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला, म्हणजे नालेसफाईची मुदत संपायच्या पाच दिवस आधी. वरळीचे नवे भूमिगत मेट्रो स्थानकही त्या दिवशी पाण्याखाली गेले.

पाणी तुंबले की लोक ते लवकर ओसरावे म्हणून मॅनहोलचे झाकण उघडतात. गढूळ पाण्यात ते भोक दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याच्या कामाला जोर आला. झाकण उघडावेच लागले तर शेजारी माणूस उभा ठेवायचा, असा दंडक आहे.

घरोघरची पावसाळ्याची तयारी नालेसफाईला समांतर चालते. कोळीवाड्यांत आणि आगरी वस्त्यांत तिला आगोट म्हणतात : सुकी मासळी, मसाले, सरपण भरून ठेवायचे, छपरावर ताडपत्री ओढायची. मिठीकाठच्या बैठ्या घरांत मे महिन्यात उंबऱ्यावर विटांचा आणखी एक थर चढतो, फ्रिज चौथऱ्यावर जातो, आणि रेशनकार्ड, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पोटमाळ्यावर ठेवले जातात.