ओटीपी मुलाच्या फोनवर

साठी ओलांडलेल्यांना कोविडची लस १ मार्च २०२१ पासून खुली झाली. नोंदणी कोविन पोर्टलवर. एका मोबाइल नंबरावर चौघांची नावं घालता येत. म्हणजे आजी-आजोबांचं काम घरातलं कुणीतरी करणार, हे धरूनच चाललेलं. नंबर मुलाचा, मुलगा कामावर, आणि ओटीपी त्याच्या खिशात वाजणार. पोर्टल मराठीत आलं जूनमध्ये. दुसरी लाट तोवर ओसरू लागली होती. केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवायची सोय होती, पण ती आहे हेही कुणीतरी सांगितलं तरच कळायचं.

असला घोळ काही कोविनपासून सुरू झाला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, जेमतेम चार कलमांचा. जाहीर नोटीस काढून नियम लावायचा अधिकार त्यात आहे, मोडणाऱ्याला शिक्षा आहे. नोटीस वाचता न येणाऱ्याचं काय, याबद्दल अक्षर नाही. पुण्यात रँडच्या अमलात घरझडतीला गोरे सोल्जर आले, तेव्हा लोक आजारी माणसंच लपवू लागले. महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी याच कायद्याचा आधार पुन्हा घेतला.

मधल्या काळात एक वेगळी रीत होऊन गेली. देवी या रोगाच्या निर्मूलनाच्या शोधमोहिमांत कर्मचारी घरोघर फिरत. हातात देवी आलेल्या मुलाच्या चित्राचं कार्ड. असं कुणी दिसलं का, एवढाच प्रश्न; खबर देणाऱ्याला बक्षीस. वाचता येण्याची गरज नाही. शिवाय देवी कशा दिसतात हे घरातल्या म्हातारीला कुणी शिकवायला नको होतं. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला, आणि दारात येऊन विचारण्याची ही पद्धत, निदान म्हाताऱ्यांपुरती, मागे पडली असं मला वाटतं.

मार्च २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा. ती कॉलर ट्यून वैताग आणणारी खरी, पण बटणांच्या फोनवरही ती ऐकू यायची. २ एप्रिलला आलेल्या आरोग्य सेतू अ‍ॅपला स्मार्टफोन लागायचा. साध्या फोनवाल्यांसाठी आणि लँडलाइनसाठी १९२१ वर मिस्ड कॉल द्यायची सोय मे महिन्यात आली.

अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. केंद्राचा घरोघर लसीकरणाला नकार होता. अखेर ३० जुलै २०२१ ला मुंबईत सुरुवात झाली. त्यासाठी नावं मागवली होती ईमेलने! ईमेल करायचा अंथरुणावरच्या माणसाने.

ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन देशभर सुरू झाली १ ऑक्टोबर २०२१ ला. सकाळी आठ ते रात्री आठ, समोर बोलणारं माणूस.

त्यानंतरचं पाऊल म्हणजे थेट मोबाइलवर वाजणारा आपत्तीचा इशारा. २० जुलै २०२३ ला त्याची चाचणी झाली. ना अ‍ॅप, ना ओटीपी. फोन नुसता किंचाळला. आमच्या घरी आईने आधी चष्मा शोधला. तो सापडेपर्यंत नातवाने ‘ओके’ दाबून संदेश घालवला होता.