औषध नर्सच लिहिते, मग डॉक्टरची सही कशाला? अमेरिकेतल्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर (एनपी), म्हणजे जास्तीचं शिक्षण घेऊन पेशंट तपासणारी आणि औषध लिहून देणारी नर्स, कोण हे तिकडच्या मराठी घरांना सांगायला नको, पोराला ताप आला की अपॉइंटमेंट बऱ्याचदा तिचीच मिळते. पण तीच एनपी एका राज्यात एकटीच्या जबाबदारीवर प्रिस्क्रिप्शन लिहिते आणि शेजारच्या राज्यात गेली की तिला डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो, हा घोळ जुना आहे.

पहिला कोर्स १९६५ ला कोलोरॅडोत निघाला, एक नर्स आणि एक मुलांचे डॉक्टर यांनी मिळून काढला. १९७१ ला आयडाहोने निदान आणि उपचार कायद्याने एनपीच्या कामात धरले. पुढे ज्या त्या राज्याने आपापलं ठरवलं, कारण लायसन्स राज्य देतं. २००८ ला सगळीकडे एकच साचा असावा म्हणून नियमांचं मॉडेल तयार झालं, राज्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

औषधांचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने हायड्रोकोडोन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाच्या कॉम्बिनेशन गोळ्या शेड्यूल तीनमधून दोनमध्ये टाकल्या (शेड्यूल म्हणजे व्यसनाचा धोका असलेल्या 'कंट्रोल्ड' औषधांच्या याद्या, दोनचे नियम तीनपेक्षा कडक), आणि ज्या राज्यांत एनपीला शेड्यूल दोन बंद होतं तिथे काल लिहीत होती ती गोळी आज तिला लिहिता येईना, ना पेशंट बदलला ना तिचं शिक्षण. फ्लोरिडात २०१६ चा कायदा होईपर्यंत तिला एकही कंट्रोल्ड औषध लिहिता येत नव्हतं, आणि मुभा मिळाली तीही शेड्यूल दोनला साधारण सात दिवसांच्या डोसाचीच.

आता कॅलिफोर्निया, कारण खरी गंमत तिथे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा झाला, डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करता येईल असा. पेपरात बातमी आली ती 'एनपींना मोकळीक' अशी. प्रत्यक्षात दोन पायऱ्या. आधी तीन वर्षं किंवा ४,६०० तास भरा, की तुम्ही '१०३' होता, म्हणजे डॉक्टर असलेल्या क्लिनिक-हॉस्पिटलमध्ये मोकळेपणाने काम करा. त्यानंतर आणखी तीन वर्षं, मग '१०४', तेव्हा कुठे स्वतःचं क्लिनिक. बरं, नियमच लागू झाले जानेवारी २०२३ ला, आणि दुसऱ्या तीन वर्षांचं घड्याळ त्यानंतर सुरू झालं असं धरलं गेलं, त्यामुळे वीस-वीस वर्षं पेशंट बघणाऱ्या बायकाही २०२६ उजाडेपर्यंत ताटकळत बसल्या. डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं, मेडिकल कॉलेज आणि रेसिडेन्सीचे (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाचे) तास कुठे आणि हे कुठे, पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मुद्दा अगदीच फालतू नाही. पण मग ४,६०० च का? न्यूयॉर्कने २०१४ च्या कायद्यात ३,६०० तास धरले, फ्लोरिडाने २०२० मध्ये ३,००० आणि तेही फक्त प्रायमरी केअरला, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या नेहमीच्या उपचारांना. पेशंटचा देह काय राज्य बदललं की बदलतो? हे आकडे वाटाघाटीत ठरलेत हे उघड दिसतं.

त्याच कायद्यात एक बारीक कलम आहे. १०३ किंवा १०४ वाल्या एनपीने प्रत्येक नव्या पेशंटला त्याला कळेल अशा भाषेत तोंडी सांगायचं की मी डॉक्टर नाही, आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी तर नेमका शब्दही ठरवून दिलाय, 'एन्फेर्मेरा एस्पेसियालिसादा'. मराठी आजीला काय सांगायचं ते मात्र ज्याचं त्याने बघायचं.

कोविडमध्ये बऱ्याच राज्यांनी देखरेखीची अट तात्पुरती बाजूला ठेवली, नंतर काहींनी ती परत आणली. त्याआधी डिसेंबर २०१६ ला माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत केंद्राने एनपींना पूर्ण मोकळीक दिली, पण भूल देणाऱ्या नर्सेसना त्यातून वगळलं, विरोध तिथेच सगळ्यात तिखट होता. आज निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी डॉक्टरशी करार न करता काम करू शकते, टेक्सासमध्ये अजूनही नाही. आणि न्यूयॉर्कने २०२२ ला ३,६०० तास भरलेल्यांची डॉक्टरशी संबंध ठेवायची उरलीसुरली अट काढली खरी, पण मुदत घालून, जी २०२४ ला संपणार होती आणि मग २०२६ पर्यंत ढकलली.