मंदीत पगाराची बोलणी : खासगी जेटचा वैमानिक एकटा का पडतो

मंदी आली की विमान कंपनीच्या वैमानिकाचाही पगार कापला जातो आणि उद्योगपतीचं जेट उडवणाऱ्याचाही. पण पहिल्याच्या हातात करार आणि पाठीशी संघटना असते. दुसऱ्याला मालकाचा फोन येतो, "सध्या विमान फार उडत नाही, काही महिने सांभाळून घ्या." दोघांचं लायसन्स आणि वैद्यकीय तपासणी साधारण सारखीच, तरी बोलणी करण्याच्या ताकदीत एवढी तफावत. या तफावतीची मुळं १९३०च्या दशकातल्या अमेरिकेत आहेत.

तिथे १९३१ मध्ये वैमानिकांची संघटना उभी राहिली, ती ऐन महामंदीत. पुढच्याच वर्षी शिकागोच्या सेंच्युरी एअर लाइन्सचे मालक ई. एल. कॉर्ड यांनी वैमानिकांचा मूळ पगार ३५० डॉलरवरून १५० डॉलरवर आणायचं ठरवलं. नोकऱ्यांसाठी माणसं रांगेत उभी होती, तेव्हा नकार देणाऱ्यांना बाहेर काढणं सोपं होतं. वैमानिक मात्र वॉशिंग्टनला पोचले. अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य ला गार्डिया यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि कॉर्ड यांना कंपनी विकावी लागली.

खरा पेच त्यानंतरचा. विमानं वेगवान होऊ लागली होती, आणि कंपन्यांना पगार केवळ तासांवर द्यायचा होता. ऐकायला रास्त वाटतं. पण तेवढंच अंतर कमी वेळात कापलं की तास कमी भरतात. म्हणजे विमान जितकं चांगलं, तितका वैमानिकाचा पगार कमी, आणि वेगाचा सगळा फायदा कंपनीचा! वैमानिकांनी मैलांचा हिशेब लावून धरला. मे १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या ‘निर्णय क्रमांक ८३’ने दोन्ही जोडले : सेवेच्या वर्षांप्रमाणे मूळ पगार, त्यावर तासांचा दर, त्यावर मैलांचा भत्ता, आणि महिन्याला ८५ तासांची कमाल मर्यादा. १९३६ मध्ये रेल्वे कामगार कायदा विमान कंपन्यांना लागू झाला. त्या कायद्याखालच्या कराराची मुदत उलटली तरी करार संपत नाही, नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. मंदीत ही केवढी मोठी ढाल आहे, हे ती नसलेल्यालाच विचारावं.

ही सगळी तटबंदी प्रवासी आणि टपाल नेणाऱ्या कंपन्यांभोवती उभी राहिली. एखाद्या कारखान्याच्या मालकीचं विमान तिच्याबाहेर राहिलं. एक विमान आणि तीन-चार वैमानिक, त्यात संघटना कसली करणार?

या फरकाची किंमत २००८ मध्ये दिसली. त्या नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला खासगी जेटने वॉशिंग्टनला गेले आणि देशभर टीकेचे धनी झाले. मग अनेक कंपन्यांनी आपली विमानं विकायला काढली. विमानाबरोबर वैमानिकाची नोकरीही गेली, आणि परत बोलावण्याचा हक्क कुणालाच नव्हता. विमानाची मालकी हिश्शांनी विकणाऱ्या नेटजेट्सलाही २००९ मध्ये ७१ कोटी डॉलरचा तोटा झाला आणि ४९५ वैमानिकांना घरी बसावं लागलं. पण तिथे संघटनेचा करार होता, त्यामुळे ती यादी सेवाज्येष्ठतेने लागली. कुणाशी मालकाचं पटतं, याला त्यात जागा नव्हती. पुढे कंपनी नफ्यात आल्यावर नव्या कराराची बोलणी रेंगाळली, तेव्हा २०१५ मध्ये वैमानिकांनी मूळ कंपनी बर्कशायर हॅथवेच्या ओमाहातल्या वार्षिक सभेबाहेर निदर्शनं केली. डिसेंबरमध्ये करार मंजूर झाला.

आपल्याकडे संघटना करण्याची किंमत मुंबईने सप्टेंबर २००९ मध्ये पाहिली. संघटना उभारणाऱ्या वैमानिकांना जेट एअरवेजने काढून टाकलं, म्हणून शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. पाच दिवसांनी तोडगा निघाला आणि काढलेले परत घेतले गेले. भाड्याने विमान देणाऱ्या, एकदोन विमानांच्या चार्टर कंपनीत असं पाठबळ कुठून आणणार?

तिथे आधार उरतो तो डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाचा. २०१७ पासून नोकरी सोडताना कमांडरला (मुख्य वैमानिकाला) एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या नियमाला वैमानिक वेठबिगारी म्हणतात, आणि तो राग मला समजतो. पण त्यातच एक कलम त्यांच्या बाजूचं आहे : नोटीसच्या काळात कंपनीने पगार कापला किंवा अटी वैमानिकाच्या तोट्याच्या केल्या, तर तो मुदतीआधी सोडण्याची मागणी करू शकतो. चार्टर कंपन्या या नियमात येतात. केवळ मालकाच्या वापरासाठी नोंदवलेलं विमान ‘हवाई वाहतूक उपक्रम’ ठरत नाही. तिथे नेमणूकपत्रात लिहिलंय तेवढंच.

म्हणून त्या पत्रात काय मागायचं, हे महत्त्वाचं. २०२० च्या कोविडकाळात एअर इंडियाने उड्डाण भत्त्याची किमान हमी महिना ७० तासांवरून २० तासांवर आणली. तासाचा दर तोच राहिला असता, तरी विमानं जमिनीवर असताना त्या दराला काय अर्थ? १९३४ सालचाच हा पेच. खासगी जेटवर तर चांगल्या दिवसांतही विमान हँगरमध्ये आणि वैमानिक तयारीत, असे कितीतरी दिवस जातात. दरावर भांडून हमीचे तास सोडून देणारा वैमानिक मंदीत हरतो. कपात मान्य करावीच लागली, तर ती कोणत्या तारखेला आपोआप उठेल हे लिहून घ्यावं. टाइप रेटिंगच्या (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीसाठीच्या प्रशिक्षणाच्या) खर्चापोटी बॉन्ड, म्हणजे लवकर सोडल्यास पैसे भरण्याचा करार, असेल, तर नोकरीच्या प्रत्येक महिन्याला त्याची रक्कम घटत जावी आणि मालकाने विमान विकलं तर तो रद्द व्हावा, हेही लिहून घ्यावं.