आफ्रिकी आणि आफ्रिकेतर साहित्य (पश्चिम आफ्रिकेतील शालान्त अभ्यासक्रम)

नायजेरिया, घाना, सिएरा लिओन, गांबिया आणि लायबेरिया या देशांतील उच्च माध्यमिक परीक्षेत ‘लिटरेचर-इन-इंग्लिश’ हा विषय असतो. त्यासाठी नेमलेली कादंबरी, नाटक आणि कविता प्रत्येकी ‘आफ्रिकी’ व ‘आफ्रिकेतर’ अशा दोन गटांत विभागलेली असते. ही परीक्षा वेस्ट आफ्रिकन एक्झामिनेशन्स कौन्सिल घेते. कौन्सिलची स्थापना १९५२ मध्ये झाली असून तिचे मुख्यालय आक्रा येथे आहे.

परीक्षेच्या तीन पत्रिका असतात. पहिली ५० गुणांची, बहुपर्यायी. दुसरीत आफ्रिकी आणि आफ्रिकेतर कादंबरीवर एकेक निबंध, तर तिसरीत नाटक व कविता मिळून चार निबंध लिहायचे. शेक्सपिअर या दोन्ही गटांच्या बाहेर, स्वतंत्र आसनावर बसलेला आहे. त्याच्या नाटकावर निबंध नसतो. पहिल्या पत्रिकेत नाटकातला उतारा देऊन प्रश्न विचारतात. आपल्याकडच्या ‘संदर्भासह स्पष्टीकरणा’चाच हा बहुपर्यायी अवतार.

पुस्तकांची यादी साधारण पाच वर्षांनी बदलते. २०२१–२५ च्या यादीवरून या विभागणीचा स्वभाव कळतो. राल्फ एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’ आणि ऑगस्ट विल्सनचे ‘फेन्सेस’ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची पुस्तके आफ्रिकेतर गटात, एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’च्या पंक्तीला. उलट नायजेरियन लेखिका बुची एमेचेटाच्या ‘सेकंड क्लास सिटिझन’चा मोठा भाग लंडनमध्ये घडतो, तरी ती आफ्रिकी. म्हणजे येथे कातडीचा रंग पाहिला जात नाही, कथेचे ठिकाणही नाही. पाहिले जाते ते लेखकाचे मूळ. भाषेच्या बाबतीतही गंमत आहे. सेनेगलच्या सेंघोरने फ्रेंचमध्ये आणि अंगोलाच्या आगोस्तिन्यू नेतोने पोर्तुगीजमध्ये लिहिले, पण या यादीत दोघांच्या कविता भाषांतरातून इंग्रजी साहित्य म्हणून होत्या. योरुबा, हाउसा, इग्बो यांतील साहित्याला मात्र या विषयात जागा नाही. नायजेरियात त्या भाषांचे वेगळे विषय आहेत.

ही विभागणी वसाहतोत्तर काळाचे अपत्य आहे. पूर्वी केंब्रिजहून येणाऱ्या परीक्षेत इंग्रजी साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य. १९५७ मध्ये घाना आणि १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाल्यावर शिकवायला आपली पुस्तके हवी होती. १९६२ पासून हाइनमन प्रकाशनाच्या ‘आफ्रिकन रायटर्स सीरिज’ने ती स्वस्तात पुरवली, मालिकेचे पहिले पुस्तक नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’. शाळा हेच या मालिकेचे मोठे गिऱ्हाईक होते. पूर्व आफ्रिकेत १९६८ मध्ये केनियाचा लेखक न्गूगी वा थिओंगो आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नैरोबी विद्यापीठाचा इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिका केंद्रस्थानी आणावी असे सुचवले. शालेय अभ्यासक्रमाने इतकी टोकाची वाट धरली नाही. त्याने दोन ताटे वाढली. तरीही ‘आफ्रिकेतर’ या एका शब्दात उरलेले सगळे जग कोंबले जाते, आणि प्रत्यक्षात ते ब्रिटन-अमेरिकेपलीकडे फारसे जात नाही. आशिया, लॅटिन अमेरिका जवळजवळ गैरहजर.

वर्गात कथानक, पात्रे, आशयसूत्रे, अलंकार या ठरलेल्या पायऱ्यांनी शिकवले जाते. नायजेरियन नाटककार वोले सोयिंकाच्या ‘द लायन अँड द ज्यूएल’मधला मास्तर लाकुन्ले गावातल्या सुंदर सिदीसाठी देज (वधूमूल्य) द्यायला नकार देतो. या प्रसंगावर ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ असे लेबल लावले की उत्तर तयार होते. पण लाकुन्लेची सुधारणा पुस्तकी आहे आणि म्हाताऱ्या गावप्रमुख बारोकाची परंपरा धूर्त. नाटकाची सगळी मजा या वाकड्या तराजूत आहे, आणि नेमकी तीच अशा उत्तरातून निसटते. पाठांतराचे हे गणित जुळवून देणाऱ्या सारांश-पुस्तिका बाजारात असतातच; आपल्या गाईडांची ती सख्खी भावंडे. पहिल्या पत्रिकेतला, नेमलेल्या पुस्तकांबाहेरचा न वाचलेला उतारा आणि न वाचलेली कविता यांच्यापुढे या पुस्तिकांचे काही चालत नाही. पण या दोहोंच्या वाट्याला ५० पैकी अवघे १० प्रश्न येतात.